एक रेघ मागे

आमच्या स्लेट फोर्कमध्ये एमेट डुडाशला कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, तर तो "आहे" एवढंच म्हणायचा. काय आहे, किती आहे, ते विचारणाऱ्यानं समजून घ्यायचं. बेचाळीस वर्षं पाणीखात्यात मीटर वाचणारा माणूस तो. लोकांच्या तळघरात उतरायचं, काचेवरची धूळ अंगठ्यानं पुसायची, आकडा लिहायचा आणि वर यायचं. त्याची बायको डोना म्हणायची, "ह्याला चिमटा काढून बघा. ओरडायच्या आधी किती सेकंद दुखलं ते मोजेल." लोकांत ती हे हसून म्हणायची. घरात म्हणताना हसायची नाही.

शनिवारी दुपारी एक वाजता मात्र हा माणूस टेकडीवरच्या मैदानात हजर. आमच्या शाळेच्या मैदानाला दिवे नाहीत, म्हणून आमची फुटबॉलची मॅच शनिवारी उन्हात होते. खोऱ्यातली बाकीची गावं त्यावरून आम्हाला कोंबड्यांबरोबर झोपणारे म्हणतात. म्हणोत बापडे. बाकड्यांच्या वर प्लायवूडची एक खोली ठोकलेली आहे, तिथे बसून एमेट डाव लिहायचा. प्रत्येक डावाला एक ओळ: कितवा डाव, किती यार्ड हवे होते, चेंडू कुणी नेला, किती मिळाले. अठ्ठावीस वर्षं त्यानं हे केलं, आणि त्याच्या आधी एकतीस वर्षं त्याच्या बापानं, अँडी डुडाशनं. दोघांनी मिळून जवळजवळ साठ वर्षांच्या, हिरव्या कापडाच्या वह्यांची रांग केली. वही हातात देताना अँडीनं पोराला एकच गोष्ट सांगितली होती, "आपलं माणूस मैदानात असलं की हात आखडता ठेव." एमेटला वाटलं, जपून लिही एवढंच म्हणतोय.

फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकन, चेंडू हातात धरून पळायचा. खेळ तसा सोपा आहे. चार डाव मिळतात, त्यात दहा यार्ड पुढे जायचं. जमलं, तर बाहेर दोन माणसं धरून उभी असतात ती दहा यार्डांची साखळी पुढे सरकते आणि पुन्हा चार डाव. नाही जमलं, तर चेंडू दुसऱ्यांचा. जो चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसतो, तो रनिंग बॅक. आणि तो चांगला की वाईट, हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या एकाच आकड्यावरून ठरत आलंय: एकूण यार्ड भागिले धावा, म्हणजे चेंडू घेऊन किती वेळा धावला ते. चार आला तर पोरगा गुणाचा. पाच आला तर त्याच्या बापाला न्हाव्याकडे आधी खुर्ची मिळते.

एकोणीसशे एक्क्याऐंशी साली एमेटचा आकडा आला होता दोन पॉइंट नऊ. एकशेतीस धावा, तीनशे सत्त्याहत्तर यार्ड. त्या वर्षी गॉर्डी हॉप्ट नावाचा एक पोरगा आमच्याकडे वाऱ्यासारखा पळायचा, त्याचा फोटो अजून फायरहॉलच्या, म्हणजे बंबवाल्यांच्या हॉलच्या, भिंतीवर आहे. हॉप्ट मोकळ्या मैदानात पळायचा आणि एमेट गर्दीत घुसायचा. एक यार्ड हवा असला, अर्धा हवा असला, की कोच ओरडायचा, "डुडाशला द्या." सरकारी कॉलेजातून एक माणूस पोरं बघायला आला होता. एमेट त्याला आवडला होता. पण आकड्यांचा कागद हातात आल्यावर तो म्हणाला, "पोरा, तीन असते तर मला वर बोलता आलं असतं. दोन पॉइंट नऊ घेऊन साहेबांपुढे कोणत्या तोंडानं जाऊ?" आणि त्यानं कागद चार घड्या करून खिशात घातला. पुढच्या जूनमध्ये एमेट मीटर वाचायला लागला. रडला नाही, चिडला नाही. त्याच्या आत काहीतरी बंद पडलं ते पडलंच, असं डोना म्हणते, आणि तिला माहीत असणार.

आता त्याच्या लेकीचा मुलगा, ट्रे, तेच करत होता. तसाच ठेंगणा, तसाच रुंद, तसाच खाली मान घालून गर्दीत घुसणारा. त्याचा आकडा होता तीन पॉइंट एक. टीममध्ये दुसरा बॅक होता कोल्टन योडर, त्याचा सात. ह्याही वर्षी कॉलेजातून एक माणूस येणार होता, हॉलिस प्रुएट नावाचा, मोसमाच्या शेवटच्या मॅचला. ह्या खोऱ्यातून त्याला एकच बॅक न्यायचा होता. ट्रेला दुसरीकडून कुठूनच बोलावणं नव्हतं. एमेटनं पाणीखात्यात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. ते कळल्यावर पोरगा आजोबाशी दोन दिवस बोलला नाही. मग येऊन म्हणाला, "पॅप, तुझं चांगलं चाललंय, मी नाही म्हणत नाही. पण मला तळघरं नकोत."

"बरं," एमेट म्हणाला.

शाळेत गणिताची एक बाई आहे, रेने सोब्चाक. एमेटच्या लेकीच्या वर्गातली. हिला फुटबॉल पाहताना लोक चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतात ह्याचा राग. "सरासरी म्हणजे सगळ्या भाज्या एका पातेल्यात ओतून चव विचारणं," असं ती म्हणायची. "एक यार्ड हवा होता, ट्रेनं दीड काढला. काम झालं. सरासरी म्हणते, दीडच? दहा हवे होते, योडरनं सहा काढले. काम फसलं. सरासरी म्हणते, वा, सहा." तिनं प्रत्येक धावेला एकच प्रश्न लावला: लागत होतं तेवढं मिळालं का? हो की नाही. त्यासाठी ती एमेटच्या वह्या कम्प्युटरमध्ये भरत होती, आणि जुन्या बॅकांशी तुलना करायला अँडीच्याही.

शेवटच्या मॅचच्या आधीच्या मंगळवारी शाळा सुटल्यावर तिनं एमेटला वर्गात बोलावलं. टेबलावर एक्क्याऐंशीची वही उघडी होती.

"मिस्टर डुडाश, ही ओळ कम्प्युटर घेत नाहीये."

एमेटनं चष्मा लावला. बापाचं अक्षर. तिसरा डाव, एक हवा. डुडाश, शून्य. खालची ओळ: पहिला डाव, दहा हवे. हॉप्ट, सात.

"शून्य यार्ड काढल्यावर साखळी पुढे कशी सरकली?" रेने म्हणाली.

"पॉपची चूक असेल. पाऊस असेल त्या दिवशी."

"वर 'ऊन' लिहिलंय."

एमेटनं चष्मा वर सरकवून ती ओळ पुन्हा वाचली.

"अशा सहा ओळी आहेत," ती हळू म्हणाली. "सहाही एकाच पोराच्या. बाकी कुणाची एक नाही."

त्याला लगेच कळलं. डाव लिहिणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. चेंडू दर वेळी नेमका पांढऱ्या रेघेवर पडत नाही, दोन रेघांच्या मध्ये पडतो. ही रेघ धरायची की ती, हे लिहिणारा ठरवतो. मागची धरली, की त्या पोराचा एक यार्ड गेला. आणि तो हवेत विरत नाही. पुढचा डाव मागच्या रेघेपासून मोजला जातो, म्हणजे तो यार्ड पुढच्या पोराच्या नावावर चढतो. एमेटच्या पुढचा पोरगा बहुतेक वेळा हॉप्ट असायचा. नियम आहे की साखळी सरकली तर निदान लागत होता तेवढा यार्ड द्यायलाच हवा. अँडीला नियम पाठ होता. तरी त्यानं शून्य लिहिलं होतं, कारण पोरगा त्याचा होता आणि पेन्सिल त्याच्या हातात होती.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही जगाची रीत. ह्या डुडाशांच्या घरात सगळं उलटं. मला विचाराल तर असल्या प्रामाणिकपणाला आग लागो. पण एमेटनं तसं काही म्हटलं नाही. त्यानं कागद ओढला. तीनशे सत्त्याहत्तर अधिक सहा, तीनशे त्र्याऐंशी. भागिले एकशेतीस.

"दोन पॉइंट नऊच," तो म्हणाला. "फरक पडला नसता."

काही वाटतंय का, ते त्यानं तपासून पाहिलं. वाटत नव्हतं. मग रेनेला दाखवावं, की नियम कसा पाळतात, म्हणून त्यानं ह्या वर्षीची आपली वही ओढली. "माझ्यात असं सापडायचं नाही तुला. हे बघ. तिसरी मॅच. चौथा डाव, एक हवा, ट्रे—"

बोट थांबलं. ट्रे, शून्य. खालच्या ओळीत पहिला डाव, दहा हवे. योडर, पाच.

तो पानं उलटत राहिला. रेनेनं त्याला थांबवलं नाही, तिनं ते आधीच मोजलं होतं. नऊ. अक्षर त्याचं, पेन्सिल त्याची, आणि लिहिताना आपण काय लिहितोय हे त्याला एकदाही जाणवलं नव्हतं. आणि हे नऊ दिसणारे. जिथे साखळी सरकलीच नाही, तिथे त्यानं पोराचे आणखी किती मागे ठेवले, ते कुठल्याच कम्प्युटरला सापडणार नव्हतं.

"ट्रेला माहीत आहे?" त्यानं विचारलं.

"त्याला कशाला माहीत असेल? साखळी हलली की तो पोरगा खूश. घरी जाऊन तुमची वही थोडीच वाचतो."

घरी डोनानं कोबी आणि शेवयांचं ताट पुढे ठेवलं. त्यानं तिला सगळं सांगितलं, मीटरचा आकडा सांगावा तसं.

"मग त्याचं त्याला देऊन टाक," ती म्हणाली.

"लोक म्हणतील, कॉलेजवाला यायच्या तोंडावर आजोबानं आकडे वाढवले."

"लोक म्हणजे कोण? ते फायरहॉलमधले उंटावरचे शहाणे? मेले आयुष्यात एक डाव लिहिला नाही कुणी." ती खुर्चीवर बसली. "तुझ्या वेळी कुणी भांडलं नाही रे तुझ्यासाठी. तू स्वतःसुद्धा नाही."

"तेव्हा कुणाला माहीत होतं?"

"आता माहीत आहे ना," डोना म्हणाली.

आमच्याकडे दर सोमवारी आकड्यांचा कागद फायरहॉलच्या फळ्यावर लागतो, शाईची सही करून. एकदा लागला की लागला. साठ वर्षांत त्यावर कुणी खाडाखोड केली नव्हती, आणि ह्या गोष्टीचा गावाला चर्चपेक्षा जास्त अभिमान. बुधवारी जेवणाच्या वेळी, सगळे गरम सॉसेजचे पाव खात बसलेले असताना एमेट आत आला, खिशातून पेन काढलं आणि फळ्यासमोर उभं राहून ट्रेच्या ओळीवर काट मारली. चारशे चाळीसच्या जागी चारशे एकोणपन्नास. तीन पॉइंट एकच्या जागी तीन पॉइंट दोन. योडर आणि इतर दोघांचे मिळून नऊ कमी. समासात लिहिलं, "नऊ वेळा साखळी सरकली होती. चूक माझी."

मग स्टू केप्लर, आमचा न्हावी, म्हणाला, "एमेट, पोराला देवानं पाय दिलेत. तू पेन्सिलीनं कशाला पळवतोस?"

हशा झाला. दुसरा कुणी म्हणाला, "पेन्सिल नाही रे, पेन आहे. पेननं जास्त जोरात पळतो."

"आज अँडी असता तर—" स्टू म्हणाला.

"अँडी आहे अजून," एमेट म्हणाला. "वृद्धाश्रमात, खोली नंबर चौदा. दुपारी जागा असतो." आणि तो बाहेर पडला. त्याचे कानसुद्धा लाल झाले नव्हते, असं नंतर स्टू सांगत होता, जसा काही हा गुन्ह्याचा पुरावाच.

शनिवारी मॅचच्या आधी हॉलिस प्रुएट प्लायवूडच्या खोलीत आला. पन्नाशीचा, गळ्यात मफलर. त्यानं कागद मागितला. वर तीन पॉइंट दोन वाचलं, ओठ बाहेर काढले आणि कागदाला एक घडी घातली. मग दुसरी. एमेट त्या बोटांकडे बघत राहिला. त्रेचाळीस वर्षांपूर्वीची बोटं दुसऱ्या माणसाची होती, घड्या ह्याच होत्या.

"खालची ओळ वाचली नाहीत," एमेट म्हणाला. असं तो आयुष्यात कुणाला म्हणाला नव्हता.

प्रुएटनं घडी उलगडली. "हे काय?"

"लागत होतं तेवढं मिळालं का, ते. एक-दोन यार्ड हवे होते तेव्हा तो एकसष्ट वेळा धावला. बावन्न वेळा मिळाले. योडरला वीस वेळा दिला, अकरा वेळा मिळाले."

"मोजलं कुणी?"

"शाळेतल्या गणिताच्या बाईंनी. डाव मी लिहिलेत."

"आणि तुम्ही पोराचे आजोबा."

"हो."

"मग मी का विश्वास ठेवू?"

"नका ठेवू," एमेट म्हणाला. "खाली फायरहॉल आहे, तिथे विचारा. बुधवारपासून सगळे मला शिव्या घालतायत. पण मी वर्षभर त्याचे कापलेत, हेही ते सांगतील. समासात लिहून ठेवलंय."

प्रुएट तिथेच बाकावर बसला. तिसऱ्या सत्रात चौथा डाव आला, हवा होता एक यार्ड. चेंडू ट्रेला. तो मान खाली घालून घुसला, माणसांचा ढीग झाला, ढीग उठला. चेंडू दोन रेघांच्या मध्ये पडला होता. साखळी आणून ताणली. चेंडूचं नाक तिच्या पुढे होतं, चार बोटं.

"किती लिहिणार?" प्रुएटनं विचारलं.

"एक," एमेट म्हणाला, आणि लिहिला.

मॅच संपल्यावर प्रुएट कुंपणापाशी ट्रेशी बराच वेळ बोलला. जानेवारीत कॉलेजात राहायला ये, आईला घेऊन ये, जागा तुझी, असं सांगितलं. पोरानं मान वर करून खोलीकडे बघितलं आणि हात उंच केला. एमेटनंही केला. पेन्सिली डब्यात ठेवताना तो वाट बघत होता, आता काहीतरी वाटेल म्हणून. डबा बंद झाला. काही वाटलं नाही. तो खाली उतरल्यावर ट्रेनं त्याला मिठी मारली, तेव्हा त्यानं पोराच्या पाठीवर दोनदा थाप मारली आणि म्हणाला, "घाम पूस, गारठशील."

दर रविवारी तो बापाला भेटायला जायचा, ह्याही रविवारी गेला. अँडी शहाऐंशीचा झाला होता. कान जड झाले होते, डोळे निम्मे, डोकं शाबूत. पुढ्यात सूप होतं.

"पोराचं काय झालं?"

"घेतायत, पॉप."

"कितीवर?"

"तीन पॉइंट दोन."

"गेल्या रविवारी तू तीन पॉइंट एक म्हणालास."

"नऊ यार्ड परत दिले. माझ्याच हातून राहिले होते."

अँडीनं चमचा खाली ठेवला. "फळ्यावरच्या कागदावर?"

"हो."

"शाईनं?"

"शाईनं."

"लोक बोलले असतील."

"बोलले."

"त्याचीच मला भीती होती," अँडी म्हणाला. "अँडी डुडाशचा पोरगा बापाच्या पेन्सिलीवर पळतो, असं कुणी म्हणायला नको होतं मला. तुझेही मी ठेवले होते मागे."

"माहीत आहे. सहा."

अँडीनं मान हलवली. "सहा नाही. एक्केचाळीस."

एमेटनं आपली खुर्ची बापाच्या जवळ ओढली.

"वहीच्या शेवटच्या पानावर बारीक रेघा मारत होतो, एकेका यार्डाला एक. मोसम संपल्यावर पान फाडलं. पण आकडा कुठे फाडता येतो? मला वाटलं, कॉलेजवाला पोराचा खेळ बघेल, कागद कशाला बघतोय." त्यानं सुपाचा वाडगा बाजूला सारला. "किती झाला असता रे? मी कधी भागून बघितलं नाही. धीर झाला नाही. तू बघ."

एमेटनं कागदी रुमाल ओढला, खिशातली पेन्सिल काढली. तीनशे सत्त्याहत्तर अधिक एक्केचाळीस. चारशे अठरा. भागिले एकशेतीस. तीन गेले, अठ्ठावीस उरले. शून्य घेतलं, दोन गेले. तीन पॉइंट दोन. त्यानं पुन्हा भागून बघितलं. तेवढेच आले.

"काय आलं?" अँडीनं विचारलं. रुमालावरचं त्याला दिसत नव्हतं.

"दोन पॉइंट नऊ," एमेट म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. फरक पडला नसता, पॉप."

म्हाताऱ्यानं मोठा श्वास सोडला. गेली त्रेचाळीस वर्षं तो छातीत धरूनच बसला असावा. "मग बरं," तो म्हणाला आणि चमचा उचलला. "सूप गार झालंय हे."

एमेटनं रुमालाची घडी केली, मग आणखी एक, आणि खिशात घातला. वाडगा घेऊन तो जिन्याजवळच्या छोट्या स्वयंपाकघरात गेला, मायक्रोवेव्हमध्ये ठेवला आणि समोर उभा राहिला. आत दिवा लागला, वाडगा फिरायला लागला. त्यानं ओट्याची कड घट्ट धरली.

तिथली नर्स टॉवेलांची गाडी ढकलत मागून आली. दर रविवारचंच तिचं, "काय एमेट, बरं आहे ना?"

"नाही," एमेट म्हणाला.

ती थांबली. मायक्रोवेव्ह वाजला. त्यानं दोन्ही हातांनी वाडगा बाहेर काढला आणि सांडू न देता बापाच्या खोलीकडे घेऊन गेला.